मुठीवरून निवडलेला कार्बोरेटर

गेल्या रविवारी पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजसमोर मी, माझी पत्नी आणि मिस्त्री असे तिघे होतो. मजुरी ठरली होती तीनशे रुपये. पत्नीची शंभर सीसीची मोटरसायकल ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनरच्या पुढ्यात बंद पडली होती. "पुन्हा असं झालं तर मी चालवणार नाही," असं तिने सांगितलं होतं.

दुसऱ्या एका मिस्त्रीच्या सल्ल्याने मी इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा मोठा, नवा कार्बोरेटर आणला होता. मिस्त्रीने तो बाजूला ठेवला. शेजारच्या कारखान्याच्या घरघरीत इंजिन ऐकू येईना, म्हणून टाकीवर तळहात ठेवून, डोळे मिटून तो जुन्या कार्बोरेटरचाच स्क्रू फिरवत राहिला.

"वहिनी, पिळा."

गाडीवर बसलेल्या पत्नीने झटक्यात ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. तो हसला.

"यांचा हात असा झटक्याचा हाय. मोठा लावला तर गाडी गुदमरनार."

मग मूठ सोडल्यावरही गाडी बंद पडू नये म्हणून त्याने इंजिनाचा वेग मुद्दाम थोडा चढा ठेवला.

"पेट्रोल जास्त जाईल," मी म्हणालो.

"साहेब, गाडी कोन चालवनार, तुमी का वहिनी?"

कार्बोरेटर इंजिन बघून निवडायचा की हात बघून, मला अजून कळलेलं नाही. पत्नी गाडीवरून उतरलीच नाही. बसल्या बसल्या तिने पर्समधून तीनशे रुपये काढून मिस्त्रीच्या काळ्या तळहातावर ठेवले आणि मला विचारलं, "मागे बसताय ना?"