ज्याची टिक, त्याची पहिली सीट

वासुदेव चुरी हा मुळात चिडका माणूस. चहात साखर जास्त पडली तरी चिडायचा, रिक्षावाल्याने वळताना हात दाखवला नाही तरी चिडायचा. पण हातोडी हातात आली की तो वेगळाच माणूस व्हायचा. डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे कलायची आणि समोरच्या लोखंडावर एकच टोला पडायचा. त्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं. मध्येच कोणी बोललं, तर त्याची काही खैर नसे.

जन्म कैनाडचा, संसार डहाणूचा, आणि पस्तीस वर्षं नोकरी रेल्वेत, चाकं ठोकण्याची. अहो, खरंच असं काम असतं. गाडी यार्डात लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याशी वाकायचं, प्रत्येक चाकावर टोला द्यायचा आणि कान लावायचा. चाक धड असलं तर टण्ण करून आवाज उठतो आणि रेंगाळतो. तडा असला तर आवाज बसका येतो, लगेच मरतो. धड चाकावर खडूची टिक, वाईटावर फुली. फुली पडली की मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, डबा जागचा हलायचा नाही. लग्नात सासऱ्यांनी तांब्याचा हंडा दिला, तर नवरदेवाने भर मांडवात त्यावर टिचकी मारून बुडाशी तडा असल्याचं जाहीर केलं होतं. बायको दक्षाबाई अजून सांगतात, त्यावरून माहेरच्यांचा तीन वर्षं अबोला होता. पण तडा होता, हेही त्याच सांगतात.

निवृत्तीनंतर असा माणूस घरात बसला की घराचं काय होतं ते मी सांगायला नको. दक्षाबाईंच्या नशिबाने जतीन तांडेल भेटला. जतीन आगर गावचा, मच्छीमाराच्या घरातला. आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, मग त्याला जुन्या मोटारींचं वेड लागलं आणि त्याने तलासरीला हायवेलगत गॅरेज टाकलं. सुरत, वापी, मुंबईकडून साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्या त्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. गाडी जुनी, पण पार्ट जुना मिळत नाही. तो परदेशातून मागवायचा. खोकं बघाल तर बघत राहाल. जुन्या जमान्यातला रंग, जुन्या वळणाची अक्षरं. आतला माल मात्र कुठल्या गल्लीत झाला ते देवाला ठाऊक. ब्रेकचं रबर तीन महिन्यांत पिकल्या चिकूसारखं मऊ. क्रोमची पट्टी एका पावसाळ्यात फोडफोड झालेली. आणि लोखंड तर सगळ्यांत वाईट, कारण त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही.

चुरी पहिल्यांदा गॅरेजात गेले ते सहज, जुनी गाडी बघायला. जतीनने कौतुकाने नुकताच आलेला स्टब एक्सल दाखवला. स्टब एक्सल म्हणजे पुढचं चाक ज्या लोखंडी खुंट्यावर फिरतं तो तुकडा. तो धावत्या गाडीत तुटला, तर चाक एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. चुरींनी कोणी न विचारता पाना उचलला, तुकडा दोरीला टांगायला लावला आणि टोला दिला. म्हणाले, हे घडवलेलं नाही, ओतलेलं आहे, आणि आत पोकळी आहे. जतीन हसला. हसला खरा, पण त्याला चैन पडेना. शेवटी त्याने तो महागाचा तुकडा करवतीखाली घातला. आत तुरीच्या दाण्याएवढी पोकळी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा पठ्ठ्या चुरींच्या दारात हजर.

तेव्हापासून तलासरीच्या त्या गॅरेजात परदेशी माल पारखल्याशिवाय गाडीला लागेनासा झाला. रबर आलं की ते लोणच्याच्या बरणीत, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून एकवीस दिवस. क्रोम आलं की ते आगरला, जतीनची आई चंद्रावती हिच्याकडे. ती वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घालते, त्यांच्याच शेजारी बंपर आणि आरशाच्या कड्या टांगून ठेवायची. महिनाभर खारा वारा खाऊन जी कडी चमकत राहील ती पास. मुंबईचे हौशी गाडीवाले नाक मुरडायचे, पार्टला सुक्या मासळीचा वास येतो म्हणायचे. चंद्रावती म्हणायची, वास धुतला की जातो, गंज जात नाही.

लोखंड मात्र चुरींचं. भिंतीवर एक अस्सल जुना स्टब एक्सल नमुन्याला टांगलेला असायचा. आधी त्याच्यावर टोला देऊन कान लावून घ्यायचा, मग नव्यावर. जतीनच्या बायकोचं नाव पूर्वी. पार्सलं तीच मागवायची, उघडायची, आणि तीच तुकडा दोरीला धरून उभी राहायची. हात हलला तर बोलणी खायची. सात वर्षांत तिने किती बोलणी खाल्ली याला गणती नाही.

आणि एक नियम होता, चुरींनीच घातलेला. ज्याची टिक, त्याची पहिली सीट. पार्ट लावून गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली की तो पास करणाऱ्याने आत बसायचं. घाट असला तर घाट, उतार असला तर उतार. सात वर्षं हा माणूस प्रत्येक गाडीच्या पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर ताठ बसून जाऊन आला. चुरींची टिक म्हणजे काय, हे त्यामुळे सुरतेपर्यंत माहीत झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात रश्मीची मॉरिस आली. रश्मी डहाणूच्या शाळेत गणित शिकवते. तिचे वडील सरकारी डॉक्टर होते, याच गाडीतून झरीपर्यंतचे पाडे पालथे घालायचे. त्यांची पहिली नेमणूक जव्हारची. आई वसुमतीबाई महिन्याभराने, एका रविवारी, ऐंशी वर्षांच्या होणार होत्या, आणि त्यांनी एकच मागितलं होतं. याच गाडीतून घाट चढून जव्हारला जायचं आणि जिथे संसार मांडला तो दवाखाना बघायचा. पुढचे दोन्ही स्टब एक्सल झिजले होते. परदेशातून नवे आले ते थेट वाढदिवसाच्या आठवड्यात.

गुरुवारी पूर्वीने तुकडा दोरीला धरला. चुरींनी आधी भिंतीवरच्या नमुन्यावर टोला दिला.

आवाज आला तो लांबून, कुणी गादीखालून हाक मारावी तसा. त्यांनी परत टोला दिला. तेच. मग नव्यावर दिला. तेच. दुसऱ्या नव्यावर. तेच. अस्सल काय आणि नवं काय, त्यांच्या कानाला सगळं सारखंच झालं होतं. वर्षभर दक्षाबाईंना टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत होते, फोनवर समोरचाच पुटपुटतो म्हणून भांडत होते. आपलं काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

जतीन बाजूला फोनवर कुणाला तरी सांगत होता की चुरीकाकांनी पास केलं की डोळे झाकून बसायचं. ओठांवरून त्यांना ते कळलं. आता काय बोलणार? कान गेला तर आपल्यात उरलं काय, चहावरून भांडणारा एक म्हातारा. त्यांना भीती वाटली, साधी भीती. त्यांनी खडू घेतला आणि दोन्ही तुकड्यांवर टिक मारली. वर जतीनला म्हणाले, रविवारी मला जमणार नाही, गुडघा फार दुखतोय.

शनिवारी सकाळी चंद्रावती सुकटाची पाटी घेऊन त्यांच्या फाटकाशी आली. तिने तीनदा हाक मारली. रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं, पण अंगणात पाठमोरे बसलेले चुरी काही वळले नाहीत. उकिडवे बसून मिरचीची रोपं लावत होते. चंद्रावतीने आत येऊन पाटी त्यांच्या समोर ठेवली तेव्हा ते दचकले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाजारात चाळीस वर्षं माणसं बघितलेली बाई ती.

तिने विचारलं, गुडघा दुखतो तर उकिडवे कसे बसलात? चुरींनी हातातलं रोप मातीत दाबलं. मग ती खाली वाकली आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाली, "भाऊ, तुम्ही ज्या गाडीत बसणार नाही, त्या गाडीत त्या म्हातारीला बसवणार?"

हे मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

हात धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तलासरीची एसटी पकडली. चंद्रावतीने पाटी दक्षाबाईंच्या ओट्यावर टाकली आणि ती पण चढली. 

गॅरेजात मॉरिस धुऊनपुसून उभी होती. रश्मी आईला घेऊन गाडी बघायला आली होती. वसुमतीबाई दारावरच्या रंगावरून हात फिरवत होत्या. पूर्वीने बॉनेटला झेंडूची माळ बांधली होती. चुरी सरळ गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"माझा गुडघा दुखत नाही," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. या दोन्ही चाकांतल्या तुकड्यांवर माझी टिक आहे, ती मी न ऐकता मारलीय. चाकं उतरवा."

जतीनला वाटलं काका गंमत करतायत. मग त्याने चंद्रावतीचा चेहरा बघितला. रश्मीचा तर संताप झाला, आणि का होऊ नये? आईचा वाढदिवस उद्यावर आलाय, हे गुरुवारी सांगता येत नव्हतं का, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. चुरी म्हणाले, गुरुवारीच सांगायला हवं होतं, चूक माझी. एरवी साखरेवरून घर डोक्यावर घेणारा माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. जतीनने चाकं उतरवली, तुकडे बाहेर आले, तेव्हा चुरींनी खिशातला रुमाल काढून स्वतःच्या हाताने खडूच्या दोन्ही खुणा पुसल्या. वाढदिवस घरीच झाला. गाडीची माळ गॅरेजातच सुकली.

तुकडे तपासणीला बोईसरच्या प्रयोगशाळेत गेले. त्याला दहा दिवस लागणार होते. तेवढ्यात दक्षाबाईंनी नवऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि मशीन बसवून आणलं. ते पण परदेशीच, खोकं एकदम झकास. परदेशी पार्ट, आणि तोही स्वतःच्या कानात! चुरी बरे सोडतील? मशीन लावून थेट गॅरेज गाठलं. नमुन्यावर टोला दिला. टण्ण आलं, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मग जतीनने नापास मालातला एक पोकळ तुकडा टांगला. त्यावर टोला दिला. तोही तसाच टण्ण. चुरींनी मशीनच्या खोक्यावर खडूने फुली मारली आणि निकाल दिला, माणसांसाठी पास, लोखंडासाठी नापास. दक्षाबाईंना अर्धा निकाल पुरेसा होता.

दहाव्या दिवशी अहवाल आला. दोन्ही तुकडे घडीव, आतून अगदी धड. जतीनला आनंद आवरेना. तो ओरडतच आला की काका, तुमची टिक बरोबर होती, उगीच एवढं केलंत.

"टिक बरोबर निघाली रे," चुरी म्हणाले. "मी बरोबर नव्हतो."

अहवालाचा कागद होता, तरी कागदावर पार्ट लावायची त्या गॅरेजात पद्धत नव्हती. चुरींनी तुकडा स्वतः दोरीला धरला आणि हातोडी पूर्वीकडे दिली. ती आधी नको नको म्हणाली. मग तिने डोळे मिटले. मान आपोआप जराशी डावीकडे कलली, ते बघून जतीनला हसू फुटलं आणि चुरींनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. टोला पडला. सात वर्षं दोरी धरून जे आवाज तिच्या कानावरून गेले होते, ते सगळे तिथेच होते. दुसऱ्या तुकड्यावरही एकच टोला दिला. घडीव आहे, ती म्हणाली, आणि धड आहे. तिने खडू घेतला. टिक जरा वाकडी आली, चुरींनी ती सरळ करायला लावली नाही.

पुढच्या रविवारी मॉरिस जव्हारला निघाली. रश्मी गाडी चालवायला, पुढच्या सीटवर पूर्वी, कारण टिक तिची. वसुमतीबाई मागे, मांडीवर डबा घेऊन. चंद्रावती आणि जतीन निरोप द्यायला उभे. चुरीही उभे होते, जरा मागे, भिंतीला टेकून. रश्मी त्या दिवसानंतर त्यांच्याशी धड बोलली नव्हती, आणि त्यांनीही आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

गाडी सुरू झाली आणि पुढे गेलीच नाही. रश्मीने खाली उतरून मागचं दार उघडून धरलं.

"काका," ती म्हणाली, "उतारावर माझ्यावर चिडायला कुणीतरी हवं ना."

चुरी भिंतीपासून हलले नाहीत. म्हणाले, माझी टिक नाही, मला हक्क नाही. तेव्हा वसुमतीबाई आतून वाकल्या आणि त्यांनी मोठ्याने, सावकाश, मशीनपर्यंत पोचेल असं विचारलं,

"चुरी, गुडघा काय म्हणतोय?"

"बरा आहे," चुरी म्हणाले, आणि गाडीत बसले.