पडदाआत्यांच्या चोवीस चुण्या

पडदा उघडतो. रंगमंचामागची लांबट खोली. कोपऱ्यात शिवणयंत्र, मधल्या टेबलावरून खाली सांडलेली लालभडक मखमल, आणि तिच्यासमोर कपाळाला हात लावून बसलेल्या आमच्या पडदाआत्या.

आमच्या नाटकमंडळींचे सगळे पडदे त्यांच्याच हातचे. मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून त्या मला ‘राजे’ म्हणत. पाढे त्यांना तोंडपाठ, पण भागाकाराचं नाव काढलं की हात झटकायच्या. “वाटणी आली की भांडण आलंच,” म्हणायच्या. त्यांची रीत वेगळी होती. कापडावर दीड हाताची काठी ठेवायची, टोकाला खडूची रेघ, रेघेपुढे पुन्हा काठी. कापड संपेपर्यंत नुसती वजाबाकी.

त्या दिवशी छत्तीस हात मखमलीच्या चोवीस चुण्या हव्या होत्या. शेवटची चुणी चार बोटं तोकडी भरली. पुन्हा मापलं, पुन्हा तेच. मखमलीवर टाका पडला की उसवला तरी भोक राहतं. त्यात आत्यांची नजर गेल्याची कुजबुज मंडळीत आधीच सुरू होती.

“राजे, मालकांना सांगा, दुसरी शिंपीण बघा. म्हातारी संपली.”

“असं काय करता, आत्या? कापडच कमी आलं असेल.”

“वा! मी स्वतः मापून घेतलंय. छत्तीस म्हणजे छत्तीस.”

“दीडकी येते ना, दीडाचा पाढा? म्हणा बरं.”

“हे काय वय आहे का माझं?” असं म्हणत त्यांनी सुरू केलीच. माझा रंगमंचावरचा आवाज मिसळला आणि खोली दणाणली. “चोवीस दीडे छत्तीस!” आत्या थबकल्या. “अहो, मग पुरायलाच हवं की!”

“भागाकार दुसरं काय असतो? तोच गुणाकार, परतीच्या वाटेवरचा.”

“मग चार बोटं कापड खाल्लं कुणी?”

त्यांनी काठी पुन्हा रेघेपुढे ठेवली. वाकून पाहिलं. मग खुदकन हसल्या. दर वेळी काठी रेघेच्या पलीकडे जात होती, आणि प्रत्येक जाड रेघ थोडं थोडं कापड गिळत होती.

“मेला खडू! राजे, माझे डोळे शाबूत आहेत हो!”

मग त्यांनी सगळ्या रेघा झटकल्या आणि मखमल दुमडली. अर्धी, अर्ध्याची अर्धी, पुन्हा अर्धी. आठ भाग. एकेका भागात तीनच काठ्या, खुणा केसासारख्या बारीक. चुकायला जागाच उरली नाही.

प्रयोगाच्या दिवशी मी मुकुट सावरत उभा होतो. आत्या प्रेक्षकांतून बंद पडदा पाहून आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या.

“सगळ्या सारख्या आहेत, राजे. आता तुम्ही आत काय वाटेल तो गोंधळ घाला, लोक पडद्यावरच खूश आहेत.”