दोनशे मीटर खोल, घोडेगावात

"घड्याळ काढलं का रे त्यांचं? पाणी लागंल त्याला!" जैबुनभाभी आतल्या खोलीतून ओरडत होत्या, आणि बाहेर अंगणात चादरीच्या आडोशाला त्यांच्याच नवऱ्याला शेवटची आंघोळ घालायची तयारी चालली होती. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले झाडून सगळे दलाल, ज्यांचा नुसता खाकरा ऐकून बिथरलेला वळू गप उभा राहतो, ते तिथं माना खाली घालून डोळे पुसत होते. ती हाक आली आणि सगळे थिजले. मला मात्र हसू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं मोठ्यानं आलं. कारण रशीदभाईच्या मनगटावरचं ते घड्याळ समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या माणसांसाठी घडवलेलं. तबकडीवर कोरून लिहिलेलं, दोनशे मीटर. आणि आम्हाला ते बादलीभर पाण्यापासून वाचवायचं होतं… "काढलंय, भाभी," मी ओरडून सांगितलं.

रशीदभाई जनावरांचा दलाल, मी कडब्याचा व्यापारी. त्यानं जनावर विकायचं आणि ते जगवायला गिऱ्हाईक माझ्याकडं धाडायचं, अशी आमची दोस्ती. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून सौदा करायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. रशीदभाईला पहिलं घड्याळ अशा रुमालाखाली सापडलं. श्रीरामपूरचे सायमनमामा सगळी उमर आखातात समुद्राखाली पाइप जोडून गावी परतले होते आणि त्यांना म्हैस हवी होती. बोटं चाचपताना रशीदभाईच्या अंगठ्याला काहीतरी गार लागलं. त्यानं ते फिरवलं. कट्‌ झालं. पुन्हा फिरवलं, पुन्हा कट्‌. सायमनमामा बिचारे बोटांवरून भाव समजून घ्यायला बघतायत आणि हा गडी रुमालाखाली घड्याळाच्या तबकडीभोवतीची कडी फिरवत बसलेला! शेवटी रुमाल उचलला तेव्हा म्हैस श्रीरामपूरला निघाली होती आणि घड्याळ घोडेगावात राहिलं होतं. ती म्हैस अशी, की तिच्या दुधावरची साय फोडायला पहार लागायची. (पहार माझी आहे, साय खरी.) जैबुनभाभींनी घड्याळ बघितलं, रिकामी दावण बघितली आणि म्हणाल्या, "बरं. आता काढा त्याची धार."

तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. मुंबईच्या जुन्या बाजारातून, बोटीवरून परतलेल्या लोकांकडून, कुठून कुठून त्यानं ती जड पोलादी घड्याळं मिळवली. बैल घेतात तसंच घड्याळ घ्यायचा. आधी लांबून बघणार, मग जवळून, मग मागचं झाकण उघडून "दात" बघणार. चकचकीत पॉलिश केलेलं कुणी पुढं केलं की हा तोंड फिरवायचा. "शिंगं घासून रंग लावलेला बैल हाय हा. वय चोरतोय." त्याला ओरखडे हवे असायचे, जुन्या तुपासारखे पिवळे पडलेले आकडे हवे असायचे. पाण्याला मात्र एकही दाखवायचा नाही. "आतले रबर म्हातारे झाले, आण्णा. लई डुबले, आता बसू दे कोरड्यात." आमच्या भागात कोरड्याची तेवढी कधी टंचाई पडली नाही.

एकदा मी चिडवलं, "अरे, तुला पोहता येत नाही, मुळा धरणाच्या भिंतीवर उभा राहिलास तरी तुझे पाय लटपटतात. ही घड्याळं कशाला?" त्यानं मनगट माझ्यापुढं धरलं. "ही कडी बघ. पाण्यात किती वेळ झाला ते हिच्यावरून कळतं. फिरती ती एकाच बाजूला. धक्का लागून सरकलीच, तर झाल्यापेक्षा जास्त वेळ झाला म्हनून सांगती. मग मानूस घाबरून लवकर वर येतो. उशिरा न्हाई." मग म्हणाला, "चुकलं तरी मानसाच्या बाजूनं चुकतं, आण्णा. असं दुसरं काय बघितलंस तू?" मी त्या क्षणी काहीतरी जोरदार उत्तर दिलं असेल… आता आठवत नाही. त्याचं तेवढं आठवतं.

ही घड्याळं चावीवर नाही, हाताच्या हलण्यावर चालतात. काढून ठेवली की एक-दोन दिवसांत गप्प. म्हणून रशीदभाई ती पाळीपाळीनं घालायचा. एक बंद पडलं तर आजारी वासरू असल्यासारखा त्याला हातात धरून हलवत बसायचा. बाजारात एकदा दोन्ही दंडांपर्यंत घड्याळं चढवून आला तेव्हा लोकांनी भाव विचारले. "जनावर दावनीलाच ऱ्हायलं तर पाय धरत्यात," तो म्हणाला आणि हात हलवत हिंडत राहिला.

आणि मग ती सगळीच गप्प व्हायची वेळ आली. रशीदभाई गेल्यावर काही आठवड्यांनी पुण्याहून एका संग्राहकाचा मला फोन. सगळी एकदम घेतो म्हणाला. माणूस सभ्य होता, भाव तर असा, की ऐकून माझीच जीभ टाळ्याला चिकटली. मी भाभींना कळवलं. वाटलं होतं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "येऊ दे त्याला." म्हटलं, म्हशीचा हिशोब आता चुकता होणार, रशीदभाईचा सगळा कळप एका टेम्पोत चढणार…

भाभींची इद्दत चालू होती. नवऱ्यामागं काही महिने बाईनं घराबाहेर पडायचं नाही, परक्यासमोर यायचं नाही, अंगावर दागिना घालायचा नाही. म्हणून आम्ही पडवीत आणि त्या पडद्याआड. पडद्याखालून घड्याळांची पेटी सरकत आली. पाहुण्यानं डोळ्याला भिंग लावलं, एकेक घड्याळ कानाशी नेलं. त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळला.

"एक खण रिकामा आहे," तो म्हणाला.

पडद्याआडून उलट प्रश्न आला. "रोज घालनार का तुमी?"

"छे हो! बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार. अगदी सुरक्षित."

मग पडद्याखालून एक हात बाहेर आला. बांगड्या नव्हत्या. त्या काटकुळ्या मनगटावर रशीदभाईचं एक जाडजूड घड्याळ, सैल होऊन घसरू नये म्हणून पट्ट्याखाली रुमालाची घडी कोंबलेली. हातानं पेटी धरली आणि आत ओढून घेतली.

आत बसलेल्या नणंदबाई किंचाळल्या, "या अल्ला! भाभी, इद्दतीत हे काय घातलंय हातात? दागिना चालतो का?"

"दागिना न्हाई," भाभी म्हणाल्या. "हात हलला न्हाई तर बंद पडतं. उद्या दुसऱ्याची पाळी हाय."