चार नोव्हेंबरची सही

अमेरिकेत शुगर लँडहून तासाभराच्या ड्राइव्हवर एक तुरुंग होता, तिथे मी डॉक्टर होते. माझा व्हिसा त्या नोकरीवरच टिकलेला. कैद्यांच्या खटल्यात फेडरल न्यायाधीशांनी हुकूम दिला होता: आजाराची चिठ्ठी आली की दोन दिवसांत डॉक्टरने तपासायचं आणि तारीख टाकून सही करायची. चिठ्ठ्या ढीगभर, डॉक्टर मी एकटी! कोर्टाची माणसं नोंदी तपासायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सुपरवायझरने न पाहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "सह्या कर, मागच्या तारखा टाक. नाहीतर व्हिसाचं तुझं तू बघ." मी टाकल्या. मेली लाज वाटते सांगायला, पण टाकल्या.

त्यात एका म्हाताऱ्याची चिठ्ठी होती. मधुमेहाने एक पाय गेलेला, दुसऱ्याला जखम. त्याने हॉस्पिटलसाठी कोर्टात अर्ज केला, तेव्हा त्याला तपासल्याचा पुरावा म्हणून तुरुंगाने माझी सही पुढे केली.

साक्षीला निघताना नवरा म्हणाला, "यार, जास्त बोलू नकोस. हो म्हण आणि सूट." साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. समोर व्हीलचेअरवर तो म्हातारा.

न्यायाधीशांनी चिठ्ठी वर धरली. "डॉक्टर, इथे अकरा एप्रिल आहे. एप्रिलमध्ये हे गृहस्थ या तुरुंगात नव्हतेच."

इथे आधी महिना लिहितात; घाईघाईत मी आपल्याकडच्यासारखा आधी दिवस लिहिला होता, मग महिना: ४/११. मेले आता, वाटलं.

पण तेच हसून म्हणाले, "तुमच्या देशात दिवस आधी लिहितात ना? म्हणजे चार नोव्हेंबर. बरोबर?"

मागे बसलेल्या सुपरवायझरने सुस्कारा सोडला. बाई गं, सुटले होते मी! नुसतं हो म्हणायचं होतं.

"हो सर," मी म्हणाले. म्हातारा खाली बघू लागला. तेवढं मात्र मला बघवेना. "तारीख चार नोव्हेंबरच आहे. पण त्या दिवशी मी यांना तपासलं नाही."

"मग कधी तपासलंत?"

"अजून नाही, सर."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "दहा मिनिटं सुट्टी. शेजारच्या खोलीत जा, आत्ता तपासा."

मी जखमेची पट्टी सोडली. वास आला. नोकरी, व्हिसा, घर, सगळं गेलं हे कळत होतं. तळव्याला हात लावला. गरम होता; रक्त पोचत होतं, पाय वाचण्यासारखा होता.

"अजून वेळ आहे," मी त्याला म्हणाले, आणि माझा हुंदका फुटला.