मण्यांच्या नादात बसलेले धक्के

मणी ओवायला बसलं की एखादा तरी हातातून सुटतोच. तो गडगडत कपाटाखाली जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत आपली सगळी भावंडं घेऊन बाहेर येतो. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. एक सांगायला घेतला की मागून चार निघतात.

आम्ही म्हणजे तिघी. मी, हिंजवडीत आयटीत असलेली मेघना आणि आमच्या सुनंदाताई. पिरंगुटला आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती मूळची सुनंदाताईंच्या घरची. शेजारीच त्यांचा बंगला. शनिवारी दुपारी तिथल्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही खड्यांचे मणी, तार आणि पक्कड घेऊन बसतो. निव्वळ हौस! पण हौसेत इतके धक्के खायला लागतात, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

*

मेघनाला शनिवारीही ऑफिसचे कॉल असतात. लॅपटॉप समोर, मणी मांडीवर, असा तिचा कारभार. एकदा मॅनेजरनं विचारलं, "मेघना, नेक्स्ट स्टेप्स?" बाईसाहेबांनी माईक चालू केला आणि त्याच क्षणी सुनंदाताईंनी विचारलं, "आता फुडं काय करायचं गं?"

मेघनानं उत्तर दिलं सुनंदाताईंना, ऐकलं अख्ख्या टीमनं. "घट्ट गाठ मारायची, उरलेलं टोक कापायचं आणि वर गोंदाचा थेंब!"

मेघना पांढरीफटक. मग मॅनेजरचा गंभीर आवाज आला, "गोंद वाळायला किती वेळ धरू? प्लॅनमध्ये टाकतो."

*

पौडला बचत गटांच्या प्रदर्शनात आम्हीही हौसेनं टेबल मांडलं होतं. दिवसभर बायका आल्या, माळा गळ्याला लावून आरशात बघून गेल्या. संध्याकाळी एक फेटेवाले आजोबा आले आणि आमची सगळ्यात देखणी फिरोजाची माळ न बोलता विकत घेऊन गेले. नातीसाठी असणार! तिचा चेहरा कसा खुलेल, यावर आम्ही परत येईपर्यंत बोलत होतो.

महिन्याभरानं पौड रस्त्यावर गाडी थांबवावी लागली. समोरून मेंढरांचा कळप येत होता. सगळ्यात पुढे एक दांडगा मेंढा, आणि त्याच्या गळ्यात आमची माळ! मी अक्षरशः किंचाळले. आजोबा शांतपणे म्हणाले, "सारखी दिष्ट लागायची त्याला. निळा मनी बांदला, आता बरा हाय."

मेघनानं फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात एका बाईंचा मेसेज आला, "मेंढ्याने घातली आहे तश्शीच मला हवी."

*

माझ्या घरचाच एक. आमचे हे म्हणजे साहेबांनी हाक मारली की हातातला चहा गार होईपर्यंत उभे राहणारे. त्यांना जरा हिंमत यावी म्हणून मी टायगर आयचं ब्रेसलेट करून दिलं. हा खडा धैर्याचा, असं म्हणतात. मी काही फार विश्वास ठेवत नाही. नव्हते ठेवत!

त्याच आठवड्यात हे पेढे घेऊन घरी आले. "राजीनामा दिला!" मी मटकन खाली बसले. शनिवारी रडवेली होऊन विचारलं, "आता यावर उतारा कुठला खडा?"

सुनंदाताई मणी निवडता निवडता म्हणाल्या, "उतारा कशाला? त्यांच्या सायबाला बी एक द्या की."

*

याच सुनंदाताई स्वतः मात्र काही घालत नसत. यजमान जाऊन सात-आठ वर्षं झालेली, तेव्हापासून गळा रिकामा. गेल्या वर्षी त्यांनी गार्नेटची एक डाळिंबी रंगाची माळ ओवली. मेघना नवीन होती. "वॉव!" म्हणत तिनं मागून ती त्यांच्याच गळ्यात घातली. विंचू चावल्यासारख्या त्या उठल्या, माळ काढली आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या शनिवारी खाली मान घालून म्हणाल्या, "कोमलच्या लग्नात घालावी वाटतीया. लेक लई मागं लागलीया. पर आत्याबाई काय म्हनतील?"

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, आक्का. यांना सगळा गाव वचकून. एसटीसुद्धा स्टॉप सोडून त्यांच्या दारात थांबते! त्यांचे यजमान तर सुनंदाताईंच्या लग्नाआधीच गेलेले. आक्कांना विचारायचं कुणी? माळ डब्यात राहिली. कुणी विचारलं की सुनंदाताई म्हणायच्या, "ऑर्डरची हाय."

*

आणि लग्नाच्या आधीच्या शनिवारी आक्का कधी नव्हे ते जिना चढून वर आल्या. काठी टेकवली, बसल्या आणि थेट तोच डबा उघडला.

"ही कुणाची?"

"ऑर्डरची," सुनंदाताई पुटपुटल्या.

"कुणाची ऑर्डर?"

"माझी!" मी म्हणाले. "माझी!" मेघनाही त्याच वेळी म्हणाली. आक्कांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मग सुनंदाताईंना जवळ बोलावलं, माळ त्यांच्या गळ्याशी धरली, डोळे बारीक केले. मला तर वाटलं, आता सुटलो!

आक्कांनी कात्री उचलली आणि कचकन माळ कापली.

मणी सगळ्या खोलीभर उधळले. मेघनानं तोंडावर हात ठेवला. सुनंदाताई खाली बसून एकेक मणी वेचायला लागल्या. मला इतका राग आला की मी बोलणारच होते, तेवढ्यात आक्का म्हणाल्या,

"एवढी आखूड कशापाय ओवली? पदराखाली झाकायला? लेकीचं लगीन हाय, चोरी न्हाई. लांब ओव. पदरावर दिसली पायजे."

सुनंदाताई मणी मुठीत धरून तशाच बसून राहिल्या. आक्का काठी टेकत उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आन् दोन ओव."

"दुसरी कुणाला, आत्याबाई?"

"का? मला गळा न्हाई व्हय?"