रविवारची चोरशिलाई

मला शिवता येत नाही, हे आमच्या युनिटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तळेगावजवळ, नवलाख उंबरे गावाच्या रस्त्याला माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांचे शर्ट-पँट आम्ही शिवतो. आज अकरा मशिनी चालतात. सुरुवातीला दोनच होत्या आणि माणसंही दोनच: कापणारे भाऊ आणि शिवणाऱ्या मावशी. भाऊ गावातलेच, सकाळी शेतात फेरी मारून येणारे. मावशी डोंगराकडच्या वाडीवरून उतरून खाली जीप पकडतात. एकोणीस वर्षं झाली, दोघं अजून आहेत.

पहिल्याच वर्षी मी नमुना उलटा धरला आणि दीडशे शर्टांचे खिसे उजवीकडे लागले. सगळा माल परत आला. मी शेडमागे जाऊन रडले. डोळे पुसून आत आले, तर दोघं गठ्ठा सोडून जमिनीवर बसलेले, हातात ब्लेड, खिसे उसवत होते. चूक कुणाची, हे कुणी काढलंसुद्धा नाही. "खिसा हाय ताई, नाक न्हाई," भाऊ म्हणाले. "काढून परत लावता येतोय."

दर दसऱ्याला मी मावशींना साडी आणि भाऊंना शर्टपीस देते. गेल्या वर्षी तळेगावच्या दुकानात तो शर्टपीस हातात घेतला आणि एकदम वाटलं, हा मी शिवून दिला तर? साडीवरचा ब्लाऊजसुद्धा? दोघांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. त्यांच्यासाठी कुणी शिवलं? दुकानातून निघतानाच बोटांवर मोजलं. दसऱ्याला सहा रविवार होते.

मापं मिळवताना मजा आली. "माझ्या बहिणीला तुमचंच माप बसतं," अशी थाप मारून मावशींचा जुना ब्लाऊज मागून घेतला. भाऊ कापायला उभे राहिले की शर्ट काढून खिळ्याला अडकवतात आणि बनियनवर काम करतात. ते जेवणाआधी हात धुवायला गेले, तेवढ्यात मी टेप लावून शर्ट मोजला.

रविवारी युनिट बंद. सकाळी कुलूप काढायचं, मावशींच्या मशीनवर बसायचं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत शिवायचं. पहिल्या रविवारी सुई मोडली. दुसऱ्या रविवारी डाव्या खांद्याला उजवी बाही लावली आणि तासभर उसवत बसले. पण एक शिवण सरळ आली की शेडमध्ये एकटीच टाळी वाजवायचे.

सोमवारी मावशी मशीनवर बसल्या आणि पाय मारायच्या आधीच थांबल्या.

"ताई, माज्या मशीनवर कोन बसलंतं?"

"कोण बसणार? मी झाडलं जरा."

"दोरा सैल हाय."

"उंदीर असंल," भाऊ कापडावरून मान न उचलता म्हणाले. "शिकलेला."

मी हिशेबाच्या वहीत तोंड खुपसलं.

त्यानंतर काम सोपं होत गेलं. मशीनला तेल घातलेलं असायचं, नवी सुई लावलेली असायची, खालच्या दोऱ्याची बॉबिन भरलेली असायची. मला वाटलं, माझाच हात बसला! पाचव्या रविवारी कॉलर उभी राहिली तेव्हा तर मी ती स्वतःच्या गळ्याला लावून आरशात बघितली.

दसऱ्याला मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या, पूजा झाली, पेढे वाटले. मग मी दोन पिशव्या पुढे केल्या.

"हे मी शिवलंय," म्हटलं. "माझ्या हातानं."

मावशी पडद्यामागे जाऊन जांभळा ब्लाऊज घालून आल्या. एक बाही कोपराच्या वर, दुसरी कोपरापर्यंत. सगळ्या बायका हसायला लागल्या, त्यात मीही. भाऊंनी शर्ट उलटा करून उजेडात धरला आणि रोजचा माल तपासतात तसा एकेका शिवणीवरून अंगठा फिरवला.

"रिजेक्ट हाय," ते म्हणाले. मग शर्ट अंगात घालून वरपर्यंत बटणं लावली. "पन परत न्हाई मिळायचा."

मावशी बाहीवरून हात फिरवत होत्या. "लय दिवस वाट बघत हुते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आता! दर शनवारी या रंगाची बॉबिन कोन भरून ठेवत हुतं? आपल्याकडं समदा माल निळा, आन् मशीनखाली धागं पडलेलं जांभळं."

ती भरलेली बॉबिन मी पुढचे सगळे रविवार वापरली आणि ती आली कुठून, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी मावशींच्या गळ्यातच पडले.

"ब्लाऊज द्या, बाही मी सारखी करून देते," शेवटी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. अशीच घालनार मी."

आणि दुसऱ्या दिवशी तोच ब्लाऊज घालून त्या जीपमधून उतरल्या. जीपमधल्या बायकांना सगळी गोष्ट सांगून झाली होती. ड्रायव्हरनंसुद्धा मान बाहेर काढून मला विचारलं, "ताई, आमचा शर्ट कदी?"

आता रविवारी मी एकटी नसते. मावशी शेजारी स्टूल घेऊन बसतात, भाऊ खडूनं बाहीचा मुंढा आखून देतात. गेल्या रविवारी दोन्ही बाह्या सारख्या आल्या. मावशींनी त्या एकावर एक धरून बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि भाऊंना जोरात हाक मारली.

भाऊंनी अंगठा फिरवला. "पास," म्हणाले.