बाजारच्या दिवशीचा दवाखाना

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नर्स होते. तिथे महिन्यातून एकदा, गुरुवारी, मनाच्या आजारांचे डॉक्टर यायचे. मागच्या खोलीत मोडक्या खाटांशेजारी बसायचे, दोन-तीन पेशंट बघायचे, माशा मारायचे आणि डबा खाऊन परत जायचे. शेवटी वरून निरोप आला, की पेशंट वाढले नाहीत तर हे बंद.

माझा स्वभाव तापट. मला राग आला तोही लोकांचाच. घरोघर माणसं झुरताहेत, इथे औषध फुकट आहे, मग यायला काय होतं यांना?

माझा राग उतरवला एका सासूने. वारंगा फाट्याच्या पलीकडून ती सुनेला घेऊन नेमाने यायची. बाळंतपणानंतर ही सून भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. गोळ्यांनी ती उठली, भाकरी थापायला लागली. मध्ये एकदा गोळ्यांत खंड पडला, तर महिन्याभरात पुन्हा भिंतीकडे वळली. दर महिन्याला नांदेड गाठणं त्यांना झेपणारं नव्हतं. दवाखाना बंद झाला की ही पोरगी पुन्हा हातची जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी सासूपुढे लोकांच्या नावाने बोटं मोडली. ती शांतपणे म्हणाली, "बाई, गुरुवारी काहून ठेवता? बाजाराचा दिस नसला की जीपमधी धा जण इचारतेत, कुठं चाललाव. बाजाराला चाललो म्हनलं की कोणी इचारत न्हाई."

इतकी वर्षं नोकरी करून हे मला सुचलं नव्हतं. आमच्या रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांशी भांडून मी गुरुवार बदलून बाजाराचा वार करून घेतला.

पहिल्याच बाजाराला व्हरांडा भरला. मी खुशीत वही उघडली आणि खणखणीत आवाजात पहिलं नाव पुकारलं, गावासकट. कोणी उठेना. दुसरं पुकारलं, तर दोघंतिघं सरळ फाटकाबाहेर चालायला लागले. इतका मूर्खपणा मी जन्मात केला नव्हता. पुन्हा सासूच धावून आली. रेशनच्या दुकानापुढे नंबरासाठी ठेवतात तशी तिने आपली रिकामी पिशवी दाराशी ठेवली. बघता बघता तिच्यामागे पिशव्यांची ओळ लागली. मग मी नुसतं "निळी पिशवी" म्हणायचे, की आवारातल्या चिंचेखालून नाहीतर फाटकापलीकडच्या बाजारातून माणूस यायचं आणि गुपचूप आत शिरायचं. परत जाताना पिशवीत खाली गोळ्या, वर मेथीची जुडी.

चार-पाच महिन्यांनी तपासणीला साहेब आले, नेमके सगळे बाजारात नि चिंचेखाली पांगलेले असताना. व्हरांड्यात त्यांना नुसत्या पिशव्या दिसल्या. मी वही पुढे केली, तर म्हणाले, आकडे काय, घरी बसूनही भरता येतात. पेशंट नसतील तर हे चालू ठेवण्यात अर्थ नाही. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चिंचेखालून ती सून उठून आली. फाटकाशी बाजारची माणसं उभी होती, सासू मागून तिचा पदर ओढत होती. तिने ओळीतली आपली पिशवी उचलली.

"ही माही हाय, सायेब. मी हितं डोक्याच्या गोळ्या घ्यायला येते. त्याच्याआधी माहं लेकरू मला माहं वाटतच न्हवतं."

एका म्हाताऱ्याने पुढे येऊन आपली पिशवी उचलली. मग एका बाईने, मग तिच्या मागच्याने. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. साहेबांनी वही मिटली आणि पुढच्या महिन्याला गोळ्या किती लागतील ते विचारलं. आनंदाच्या भरात मी दुप्पट सांगितल्या.